फाटक, ओंडका आणि मधून वळणारा लोडर : वृक्षनिगेच्या एका व्यवसायातील खरेदीचे प्रकरण

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या मध्य भागात झाडांची छाटणी आणि तोड करणाऱ्या पाच माणसांच्या एका व्यवसायात मी यंत्रांची देखभाल, कामांची आखणी आणि हिशेब पाहतो. त्याआधी पुण्याजवळ हायड्रॉलिक पंपांच्या कारखान्यात काही वर्षे काढली असल्यामुळे यंत्र घेण्याचा विषय निघाला की मालक कागद माझ्याकडे सरकवतात. २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही एक छोटा लोडर, म्हणजे ओझे उचलून नेणारे यंत्र, घेतला. तो निवडायला साडेतीन महिने लागले, आणि त्यातले सुरुवातीचे दिवस यंत्र किती वजन उचलते याच्या चुकीच्या आकड्याकडे बघत घालवले. पुढची नोंद मुख्यतः त्या आकड्याबद्दल आहे.

गरज कशी निर्माण झाली

आमच्या भागात ॲश नावाची झाडे रस्त्याकडेला आणि घरांच्या मागच्या अंगणात मोठ्या संख्येने लावलेली आहेत. एमराल्ड ॲश बोरर हा पाचूसारखा हिरवा, आशियातून आलेला भुंगेरा २००२ साली मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या परिसरात सापडला आणि २०१४ मध्ये न्यू जर्सीत पोहोचल्याचे निश्चित झाले. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरतात, त्यामुळे झाडाचा अन्नपुरवठा तुटतो आणि काही वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळते. वाळलेले ॲश इतके ठिसूळ होते की दोर बांधून त्यावर माणूस चढवणे धोक्याचे ठरते. साहजिकच जे झाड एरवी दर चार-पाच वर्षांनी छाटले असते, ते आता उचलयंत्राच्या पाळण्यातून तुकड्यातुकड्यांनी पूर्ण उतरवावे लागते, आणि अख्खे खोड मागच्या अंगणात जमिनीवर येऊन पडते.

तोडणे हे आमच्या माणसांचे कसब आहे; पडलेले लाकूड रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत नेणे हे मात्र निव्वळ ओझे आहे. ताज्या रेड ओकचे लाकूड घनमीटरला सुमारे १,००० किलो भरते, ताजे ॲश पावणेआठशेच्या आसपास. म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि १.८ मीटर लांबीचा ओकचा ओंडका पाचशे किलोंचा होतो. असे ओंडके आम्ही दोन चाकांच्या हातगाडीवरून, घर आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळातून, एसीचे बाहेरचे खोके आणि गॅसचे मीटर चुकवत बाहेर काढत होतो. नोव्हेंबरात मी तीन आठवडे घड्याळ लावून नोंद ठेवली. मागच्या अंगणातल्या कामात पाच माणसांच्या दिवसभराच्या चाळीस तासांपैकी सोळा-सतरा तास केवळ ओढण्यावाहण्यात जात होते. त्याच महिन्यात आमच्या मुकादमाची पाठ धरली आणि तो आठ दिवस घरी बसला. खरेदीचा निर्णय खरे तर त्या आठ दिवसांत झाला. यंत्र कोणते, एवढाच प्रश्न उरला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल की जेसीबी बोलावला की झाले. पण आपल्याकडे सर्रास दिसणारा बॅकहो लोडर साडेसात टनांच्या आसपास असतो. त्याला बोळातून आत न्यायचे म्हणजे आधी कुंपण आणि मग अर्धे अंगण गमवायचे. इथले घरमालक झाड तोडायला पैसे देतात आणि हिरवळ उखडली की कापून घेतात.

मधून वळणारे यंत्र म्हणजे काय

छोट्या लोडरांत वळण्याच्या दोन रीती आहेत. पहिली स्किड-स्टिअरची. हिचा उगम मिनेसोटातल्या केलर बंधूंनी १९५७ साली टर्की कोंबड्यांच्या खुराड्यातली घाण काढायला बनवलेल्या छोट्या लोडरात आहे, आणि पुढे त्याच वंशातून बॉबकॅट हे नाव जगभर गेले. या रीतीत चाके वळत नाहीत. एका बाजूची चाके किंवा पट्टे थांबवायचे, दुसऱ्या बाजूचे फिरवायचे, की यंत्र घसटत जागच्या जागी वळते. काँक्रीटवर हे उत्तम चालते. ओल्या हिरवळीवर मात्र प्रत्येक वळणाला गवताचा गालिचा गुंडाळल्यासारखा उचलला जातो.

दुसरी रीत मधून वळण्याची. यंत्राच्या पुढची आणि मागची अशा दोन चौकटी असतात आणि त्या मधल्या उभ्या खिळीवर एकमेकींशी जोडलेल्या असतात. सुकाणू फिरवले की हायड्रॉलिक सिलिंडर यंत्राला कमरेत वाकवतो. मागची चाके पुढच्या चाकांच्याच वाटेने जातात आणि घसटणे जवळजवळ होत नाही. हा प्रकार युरोपातल्या गोठ्यांतून आणि शेतघरांच्या अंगणांतून पुढे आला. जर्मनीतल्या वाइडेमान कंपनीचे ‘होफट्राक’ हे नावच अंगणातल्या कामाची आठवण ठेवणारे आहे, आणि १९९१ पासून फिनलंडमध्ये हीच यंत्रे बनवणाऱ्या अव्हांटचे नाव इथल्या झाडे तोडणाऱ्यांच्या तोंडी सतत असते. हिरवळ वाचते, हा या रीतीचा सरळ फायदा. तिचा तोटा त्याच सांध्यात दडलेला आहे आणि तो पुढे येईल.

आमच्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, मागे उभे राहून चालवायचा पट्ट्यांचा छोटा स्किड-स्टिअर : रुंदी ३५ इंच. दुसरा, २५ अश्वशक्तीला किंचित कमी इंजिनाचा, सुमारे १,४५० किलो वजनाचा मधून वळणारा लोडर : रुंद टायरांवर ११८ सेंटिमीटर, अरुंद टायरांवर १०४. तिसरा त्याच रीतीचा थोरला भाऊ : वजन २,४०० किलो, रुंदी १४५ सेंटिमीटर, इंजिन जवळपास ५० अश्वशक्तीचे. मालकांचे मन पहिल्या दिवसापासून तिसऱ्यावर होते. ‘मोठे घेऊन ठेवले की लहान काम होतेच, लहानाने मोठे होत नाही’, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला ते पटण्यासारखे होते.

फाटकांची मोजदाद

मी आधीच्या हंगामातल्या मागच्या अंगणातल्या कामांची यादी काढली आणि ज्या गिऱ्हाइकांकडे पुन्हा जाणे होते तिथे टेप लावला, इतरांना फोन केला. अशी ५२ फाटके हाती लागली. पंधरा फाटके ३६ इंचांची, म्हणजे ९१ सेंटिमीटर. नऊ ४२ इंचांची, म्हणजे १०७. चौदा ४८ इंचांची, म्हणजे १२२. उरलेली चौदा त्याहून रुंद किंवा दोन पाखांची. तिसरे यंत्र यातल्या शेवटच्या चौदांत, आणि तेही सगळ्यांत नाही, जाऊ शकत होते. दुसरे यंत्र रुंद टायरांवर अठ्ठावीस ठिकाणी आणि अरुंद टायरांवर सदतीस ठिकाणी आत जाणार होते. पहिले सर्वत्र.

या मोजदादीत एक गोष्ट कागदावर येत नाही. फाटकाचे माप म्हणजे दोन खांबांमधले अंतर, आणि त्यातून बिजागरी, कडी आणि उघडलेल्या पाखाची जाडी वजा करावी लागते. न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये एका मराठी कुटुंबाकडे गेलो होतो. ४८ इंचांचे फाटक म्हणून त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात पाख नव्वद अंशांच्या पुढे उघडत नव्हते, कारण त्यामागे काकूंनी मेथीचे वाफे केले होते. ‘झाड न्या, पण माझ्या वाफ्यांवरून नेऊ नका हं’, असे त्यांनी बजावले. मोकळी जागा भरली ४५ इंच. कुंपणाची एक फळी-चौकट, साधारण आठ फुटांची, स्क्रू काढून बाजूला ठेवणे हा अशा ठिकाणचा रुळलेला मार्ग आहे. त्याला अर्धा तास लागतो आणि जुन्या लाकडाची चौकट पुन्हा तशीच बसेल याची हमी कोणी देत नाही.

तीन माहितीपत्रके, तीन आकडे

आता त्या आकड्याकडे येतो. पहिल्या यंत्राच्या पत्रकावर ठळक लिहिले होते ४५० किलो. दुसऱ्याच्या पत्रकावर १,००० किलो. तिसऱ्याच्या पत्रकावर १,९०० किलो. मालकांनी हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि वाद संपल्यासारखे माझ्याकडे पाहिले. पण ते आकडे एकाच गोष्टीचे नव्हते.

१,९०० ही होती उचलक्षमता. पंप आणि सिलिंडर मिळून किती रेटू शकतात, एवढेच तो आकडा सांगतो. त्या वेळी यंत्राची मागची चाके जमिनीवर असतील की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. १,००० हा होता टिपिंग लोड, म्हणजे ज्या भाराला यंत्र पुढे कलंडू लागते तो भार, आणि तोही यंत्र सरळ उभे असताना. ४५० हा होता कामाचा ठरीव भार. पट्ट्यांच्या यंत्रांत तो टिपिंग लोडच्या ३५ टक्के धरण्याची रीत आहे, म्हणजे त्या छोट्या यंत्राचा टिपिंग लोड १,२९० किलोंच्या आसपास होता. जे यंत्र यादीत सर्वांत दुबळे दिसत होते, ते सरळ उभे असता दुसऱ्यापेक्षा जड भार तोलू शकत होते. या एका दुरुस्तीने मालकांचा कागद निकालात निघाला.

मधून वळणाऱ्या यंत्राच्या बाबतीत आणखी एक पायरी उतरावी लागते. यंत्र कमरेत वाकले की पुढचा भार एका बाजूला जातो, मागच्या इंजिनाचे वजन त्याच्या नेमके समोर राहत नाही आणि तोल घटतो. म्हणून आयएसओ १४३९७ हे मानक चाकांच्या लोडरसाठी बादलीतला ठरीव भार पूर्ण वळलेल्या स्थितीतल्या टिपिंग लोडच्या निम्मा धरायला सांगते. काट्यांवर, म्हणजे पुढे जोडलेल्या दोन आडव्या पोलादी पात्यांवर, माल उचलताना युरोपीय ईएन ४७४ मानकात सपाट, टणक जमिनीवर ८० टक्के आणि खडबडीत जमिनीवर ६० टक्के धरतात. दुसऱ्या यंत्राचा पूर्ण वळलेल्या स्थितीतला टिपिंग लोड ७८० किलो होता. तो त्याच पत्रकाच्या पाचव्या पानावर, तळटीपेच्या आकाराच्या अक्षरांत सापडला. अंगण म्हणजे खडबडीत जमीनच, म्हणून त्याचे ६० टक्के घेतले तर ४६८ उरतात. आकडे काट्यांसह मोजलेले होते, आणि आम्हाला बसवायचा होता फिरता ग्रॅपल, म्हणजे ओंडका पकडणारा पोलादी पंजा, जो काट्यांहून ६० किलोंनी जड. शिवाय पंजात लटकणारा ओंडका थोडा हेलकावतो. हे सगळे धरून मी ४०० किलोंवर रेघ मारली. त्याच रीतीने तिसऱ्या यंत्राचे ७०० आले. पत्रकावरचा १,००० आणि १,९०० मधला फरक प्रत्यक्षात ४०० आणि ७०० मधला निघाला.

एक पोटप्रश्न लांबणाऱ्या दांड्याचा. दुसऱ्या यंत्राचा पुढचा दांडा आतून सरकून ६० सेंटिमीटरने लांब होतो, आणि ट्रकच्या पलीकडच्या कोपऱ्यात ओंडका ठेवताना त्याचा मोह होतो. पुढच्या आसापासून भाराचे अंतर १.३ मीटर असेल, तर दांडा लांबवल्यावर ते १.९ मीटर होते. ढोबळमानाने ७८० चे ५३४ राहतात, त्यांचे ६० टक्के ३२०, आणि पंजाचे जादा वजन वजा जाता २६०. म्हणजे लांब दांड्याने उचलायची वस्तू ओंडका नव्हे, फांद्यांची मोळी.

ओंडका यंत्राप्रमाणे कापायचा की यंत्र ओंडक्याप्रमाणे घ्यायचे

मालकांचा यानंतरचा आक्षेप रास्त होता. ४०० किलो म्हणजे ०.४ घनमीटर ओक. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा जेमतेम १.४ मीटरचा तुकडा. ७५ सेंटिमीटरच्या खोडाचे तर ९० सेंटिमीटरच. ‘मग आम्ही करवतच चालवत बसायचे का?’ असे त्यांनी विचारले.

मी उलट विचारले की आपले लाकूड जाते कुठे. आरागिरणीला जाणारे ओंडके अडीच मीटरच्या वर लांब लागतात, हे खरे; पण अंगणातल्या झाडांत खिळे, कुंपणाच्या तारा, झोपाळ्याचे हूक असतात आणि गिरण्या ती बहुधा घेत नाहीत. आमचे बरेचसे लाकूड सरपणाच्या वखारीत जाते, आणि इथे सरपणाची रूढ लांबी १६ इंच. म्हणजे जो ओंडका आम्ही अखंड नेण्यासाठी धडपडत होतो, त्याचे दुसऱ्या दिवशी चाळीस-चाळीस सेंटिमीटरचे तुकडेच होणार होते. राहिला खेपांचा हिशेब. तीन घनमीटरचे ओकचे खोड, तीन टन. ४०० किलोंच्या आठ खेपा, ७०० किलोंच्या पाच. अंगणातून ट्रकपर्यंत जाऊन यायला तीन मिनिटे धरली, तर फरक नऊ मिनिटांचा, वर करवतीच्या काही चिरा. नऊ मिनिटांसाठी ५२ पैकी निम्म्याहून अधिक फाटके बंद करून घ्यायची का, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहिला, आणि तो मालकांनीच मोठ्याने म्हणून दाखवला.

खरोखर प्रचंड झाड आले, तर त्या दिवशी क्रेन किंवा पंजा बसवलेला ट्रक भाड्याने आणावा. अशी कामे वर्षात चार-पाच येतात.

उतारावरचे प्रात्यक्षिक

डिसेंबरच्या मध्यावर एका विक्रेत्याने दुसऱ्या प्रकारचे यंत्र प्रात्यक्षिकाला आणले. वरची जमीन गोठलेली, खाली चिखल. आमच्या भागात लाल शेलच्या खडकावरची चिकणमाती आहे. ती ओली झाली की साबणासारखी होते. मी ओकचा एक तुकडा मोजून, ४०० किलो भरेल असा, तयार ठेवला होता. विक्रेत्याच्या माणसाने तो उचलला, सरळ पुढे नेला, सरळ मागे आणला आणि हात झटकले.

मग मुकादम बसला. त्याने ओंडका छातीभर उंचीवर ठेवून उतारावर आडवे जात, उताराच्या बाजूला, डावीकडे, पूर्ण वळण घेतले. मागचे उजवे चाक जमिनीपासून चार बोटे वर आले आणि संथपणे फिरत राहिले. मुकादमाने घाई न करता दांडा खाली सोडला, ओंडका गवताला टेकला, चाक बसले. हे सगळे पाच-सहा सेकंदांत घडले. विक्रेत्याचा माणूस म्हणाला की मागे शंभर किलोंचे वजन बसवा म्हणजे असे होणार नाही. ते अर्धेच खरे होते. मागचे वजन पुढे कलंडण्याविरुद्ध चांगले काम देते, पण आडव्या उतारावर भार उताराकडे गेला असेल तर उंची आणि वळण हेच खरे गुन्हेगार असतात. शिवाय ते शंभर किलो हिरवळीवरही पडतात आणि ट्रेलरवरही.

त्या चार बोटांनी टायरांचा प्रश्न सोडवला. अरुंद टायरांवर आणखी नऊ फाटके खुली होत होती, पण बाजूचा तोल घटत होता आणि चिखलात चर खोल पडत होते. आम्ही रुंद टायर घेतले आणि ४२ इंचांची फाटके बंद समजायची असे ठरवले. मला यात थोडी खंत वाटली, अजूनही वाटते, पण निर्णय बदलावासा वाटलेला नाही.

इंजिन, जोडणी, ट्रेलर

इंजिनाबाबत थोडक्यात. अमेरिकेतल्या टिअर ४ उत्सर्जन नियमांत २५ अश्वशक्तीखालच्या डिझेल इंजिनांना काजळीची मर्यादा सैल आहे, म्हणून कितीतरी छोटी यंत्रे मुद्दाम २४.८ वर थांबवलेली असतात. त्यावरच्या इंजिनांत बहुधा धुराड्यात काजळी गाळणारा फिल्टर येतो, आणि तो स्वतःला जाळून साफ करायला धूर पुरेसा गरम लागतो. आमचे काम म्हणजे पाच मिनिटे ओझे आणि दहा मिनिटे इंजिन नुसते गुरगुरत उभे. अशा वापरात तो फिल्टर तुंबतो. याच्या उलट बाजूही आहे. मिनिटाला ६० लिटर तेल २०० बार दाबाने ढकलायचे तर २० किलोवॉट लागतात, आणि २४.८ अश्वशक्ती म्हणजे साडेअठरा किलोवॉट. तेव्हा बुंधा दळण्याचे हायड्रॉलिक यंत्र या लोडरवर जोमाने चालणार नाही. आमच्याकडे बुंधे दळायला स्वतंत्र यंत्र होते, म्हणून हा तोटा आम्हाला लागला नाही. ज्यांच्याकडे नसेल त्यांचा निर्णय इथे वेगळा होऊ शकतो.

अवजार जोडण्याची पाटी प्रत्येक कंपनीची निराळी असते. मधे जुळवणीची पाटी घातली तर भार आठ-दहा सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि ४०० किलोंच्या हिशेबात तेवढेही जाणवते. म्हणून पंजा त्याच पाटीचा घ्यायचा, हे मी अडून राहून मान्य करून घेतले.

ज्या गोष्टीचा आम्ही कोणीच सुरुवातीला विचार केला नव्हता, ती म्हणजे हूक. आमचा ट्रक आपल्यामागे चिपर ओढतो, म्हणजे फांद्यांचा भुगा करणारे यंत्र. त्याचा हूक भरलेला. लोडरला दुसरी गाडी, दुसरा ट्रेलर आणि दुसरा चालक लागणार. मी वजनांची बेरीज मांडली : लोडर १,४५०, पंजा १६०, बादली ९०, हिरवळीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या चार-बाय-आठ फुटी चटया प्रत्येकी सुमारे ३९ किलोंच्या बारा म्हणजे ४६८, रिकामा ट्रेलर ६५०, एकूण २,८१८ किलो. आमची जुनी पिकअप हे ओढू शकत होती. तिसऱ्या यंत्राची तीच बेरीज ४,३०० किलोंच्या घरात जात होती आणि त्यासाठी पिकअपही बदलावी लागली असती. यंत्राच्या किमतीत ही पिकअप कोणी धरत नाही.

दोन्ही चौकटी प्रवासात एकमेकींवर वळू नयेत म्हणून सांध्यावर पोलादी दांडी अडकवायची असते. ती उतरवायचे विसरून चालकाने सुकाणू फिरवले तर दांडी वाकते किंवा तुटते. आमच्या दांडीला मुकादमाने लाल कापडाची चिंधी बांधली आहे. सांध्याच्या खाचेत माणसाचा पाय सापडू शकतो, म्हणून इंजिन चालू असताना दोन चाकांच्या मधे कोणी उभे राहायचे नाही, हा नियमही त्याच दिवशी झाला.

पहिले यंत्र का नको

पट्ट्यांचा छोटा स्किड-स्टिअर सर्व फाटकांतून जातो, ओझेही बरे उचलतो आणि किमतीला कमी. तरी तो विकत घेतला नाही. चालक मागच्या पायरीवर उघडा उभा असतो. वर वाळक्या ॲशच्या फांद्या लटकत असताना डोक्यावर पिंजरा नसलेले यंत्र रोजच्या कामाला मला नको होते. उंच कडांच्या ट्रकमध्ये ओंडका टाकायला त्याचा दांडा अपुरा पडत होता. आणि वळताना हिरवळ उखडते ती उखडतेच. ३६ आणि ४२ इंचांच्या फाटकांची कामे गोळा करून एकाच आठवड्यात लावायची आणि त्या आठवड्यापुरते ते यंत्र भाड्याने आणायचे, असे ठरले.

शेवटी दुसऱ्याच प्रकारचा, ६०० तास चाललेला वापरलेला लोडर फेब्रुवारीत मिळाला. नव्याचा भाव पंजा-बादलीसह ५२ हजार डॉलर सांगितला होता. हा ३८ हजारांत पडला. घेण्याआधी मी त्यावर कारखान्यातली एक जुनी परीक्षा केली. ४०० किलोंचा ओंडका कमरेएवढ्या उंचीवर धरला, इंजिन बंद केले, पंजाच्या टोकाजवळ उभ्या केलेल्या फळीवर खडूने रेघ ओढली आणि दहा मिनिटे थांबलो. टोक बोटाच्या एका पेराइतके खाली आले. सिलिंडरांची वेष्टने आणि झडपा ठीक आहेत असे त्यावरून समजले. मग दांडा जमिनीवर टेकवून पुढची चाके अधांतरी केली आणि एकाला सुकाणू किंचित हलवायला सांगून मधल्या खिळीवर हात ठेवला. खिळीत ढिलाई असेल तर ती आधी हाताला कळते, डोळ्याला नंतर. इथे खालच्या बेअरिंगमध्ये थोडी जाणवली. ती भावातून कापून घेतली आणि मार्चमध्ये बदलली.

पहिला हंगाम

ओंडक्यांसाठी घेतलेल्या यंत्राने सर्वांत जास्त वेळ वाचवला तो फांद्यांत. फिरत्या पंजाने फांद्यांची मोळी उचलता येते, आणि तोडणाऱ्यांनी सगळ्या फांद्यांची जाड टोके एकाच बाजूला पडतील असे रचले असेल तर ती मोळी तशीच चिपरच्या तोंडाशी जाड टोकाकडून देता येते. हे शिकायला एप्रिल उजाडला. तोवर माणसे जुन्या सवयीने फांद्या इकडेतिकडे टाकत होती आणि चालक विटीदांडूतल्या विट्या गोळा कराव्यात तशा त्या गोळा करत होता. वाहतुकीचे सोळा-सतरा तास जूनपर्यंत सात-आठवर आले.

बिघाड एकच म्हणावा असा झाला. पंजा फिरवणाऱ्या मोटरच्या दोन तेलनळ्या बाहेरून लोंबत होत्या आणि एका वाळक्या फांदीच्या आकड्याने एक नळी ओढून काढली. गिऱ्हाइकाच्या फरशीवर पाच लिटर तेल सांडले. तेव्हापासून नळ्यांवर जाड विणलेले आवरण आहे आणि ट्रेलरवर तेल शोषणाऱ्या भुकटीची पिशवी.

एका कामाने मात्र आम्हाला थांबवले. मेलेले ॲश तोडायचे होते आणि त्याच्याकडे जाणारी सरळ वाट सुमारे ३० इंच जाडीच्या बीच नावाच्या एका निरोगी झाडाखालून जात होती. झाडाच्या खोडाच्या दर इंच व्यासामागे एक फूट त्रिज्या मुळांसाठी राखावी, असा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम आहे; म्हणजे या बीचभोवती तीस फूट. दीड टनांच्या यंत्राने ओल्या चिकणमातीत पहिल्या काही फेऱ्यांतच जमीन इतकी दाबली जाते की मुळांना हवा मिळेनाशी होते, आणि बीचची मुळे उथळ असतात. झाडांची निगा हा धंदा म्हणायचा आणि एक झाड काढताना दुसरे मारायचे, हे चालणार नव्हते. चटया भार पसरवतात, पण ओल्या जमिनीत तेवढ्याने भागत नाही. आम्ही आदल्या दिवशी चिपरमधला भुगा वाटेवर फूटभर जाड पसरला, त्यावर चटया टाकल्या, ओंडके नेहमीपेक्षा लहान कापले आणि काम झाल्यावर भुगा बीचभोवतीच आच्छादन म्हणून, खोडाला न टेकवता, ठेवून दिला. त्यात दोन तास जास्त गेले आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत.

आता कामाचा अंदाज द्यायला जाणाऱ्या माणसाच्या गाडीत ४८ इंच लांबीची एक लाकडी पट्टी असते. फाटक पूर्ण उघडून ती दोन खांबांमधे आडवी धरायची. अडकली तर कागदावर ‘भाड्याचे यंत्र’ असे लिहायचे. लोडरच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाने ओकचा तक्ता रंगवला आहे : १८ इंच जाडीला ८ फूट, २४ ला साडेचार, ३० ला पावणेतीन, ३६ ला दोन. त्याखाली मुकादमाने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे, की उतारावर याच्या निम्मे.